चाचांचं पिवळं उत्तर

सिस्टर मार्था प्रश्न विचारत होत्या आणि दस्तगीर सतारमेकर एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नव्हते.

"दमा आहे का?"

"दमा नाही, दम आहे. लाकूड तासताना बघा एकदा येऊन."

"कुठल्या औषधानं अंगावर पुरळ, खाज, सूज?"

"मैमूननं केलेल्या कारल्यानं येते. औषधानं नाही."

"चाचा, मी मस्करी करत नाहीये. ही तपासणी पूर्वी कधी झाली आहे? हातात इंजेक्शन देऊन डोळ्यांचे फोटो?"

"नाही."

तेवढं एकच उत्तर सरळ आलं. सिस्टरना हायसं वाटलं आणि त्यांनी पुढे विचारायला सुरुवात केली.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मिरजेच्या त्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात लागून मला वर्षही झालं नव्हतं. मी नर्स नव्हते की डॉक्टर नव्हते. माझ्या वडिलांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढत, अंधाऱ्या खोलीत रोल धूत मी मोठी झाले. दवाखान्याला कुणीतरी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायचा मोठा कॅमेरा देणगी म्हणून दिला, आणि तो चालवायला माणूस कुठून आणायचा या विवंचनेत असलेल्या डॉक्टर अचला बेलवलकर एक दिवस पासपोर्ट फोटो काढायला आमच्या स्टुडिओत आल्या. मी त्यांना तीनदा हनुवटी खाली घ्यायला लावली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "मुली, डोळ्याच्या आतले फोटो काढशील का?"

काम शिकायला अवघड नव्हतं. रुग्णाच्या डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायची. हनुवटी पट्टीवर टेकवायची. डॉक्टर दंडाच्या शिरेतून एक पिवळं औषध सोडत. ते रक्तातून वाहत डोळ्यापर्यंत पोचलं की निळ्या उजेडात हिरवंगार चमकायचं, आणि मी भराभर फोटो घ्यायची. रक्तवाहिनी जिथे झिरपत असेल तिथे चमक सांडलेली दिसायची. मधुमेहानं पोखरलेल्या डोळ्यात लेझरनं नेमकं कुठे डागायचं, हे त्या सांडलेल्या चमकीवरून ठरायचं.

फोटो सुंदर यायचे. पण खरं सांगते, मला कंटाळा आला होता. लग्नात निदान माणसं हसतात. इथे दिवसभर लालभडक गोल आणि त्यातल्या फांद्या. महिनाअखेर सोडून परत स्टुडिओत जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

दस्तगीरचाचा तानपुरे बनवत. साठी ओलांडलेले, बारीक, दाढी मेंदीनं लाल केलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. "कानस निसटली," एवढंच ते म्हणाले होते. बरोबर आलेल्या मैमूनचाची मात्र बाहेरच्या बाकावर बसताना मला हळूच म्हणाल्या होत्या, "कानस नाही निसटत, बेटी. यांना ती कुठे टेकवली ते दिसत नाही. कारखान्यातल्या पोरांना सांगतात, मला सुराचं काम द्या, बाकी तुम्ही करा. पण हातातलं हत्यार सोडवत नाही."

आत सिस्टर मार्थांनी सुई बसवली, चिकटपट्टी लावली. मग आपला ट्रे जवळ ओढला. त्या ट्रेमध्ये गुंतागुंत झाली तर लागणारी औषधं असायची आणि शेजारी प्राणवायूचं नळकांडं. रोज सकाळी सिस्टर प्रत्येक बाटलीवरची तारीख बघायच्या, नळकांड्याची चावी फिरवून बघायच्या, फडक्यानं पुसायच्या. मी आल्यापासून ते एकदाही वापरावं लागलं नव्हतं. त्यामुळे आम्ही नळकांड्याला जावईबापू म्हणायचो. काम काही नाही, पण मान रोज.

डॉक्टर बेलवलकर पिचकारी घेऊन उभ्या राहिल्या. खोलीतला दिवा मालवला. मी भिंगाला डोळा लावला आणि माझं नेहमीचं पाठ झालेलं भाषण सुरू केलं. औषध जाताना माणूस घाबरू नये म्हणून ते मी प्रत्येकाला ऐकवायची.

"चाचा, औषध आत गेलं की थोडं मळमळल्यासारखं होईल. लांब श्वास घ्या, जाईल. हनुवटी उचलायची नाही. नंतर अंगाचा रंग थोडा पिवळा दिसेल, आणि लघवी..."

"झेंडूच्या फुलासारखी," चाचा म्हणाले. "माहीत आहे. गेल्या खेपेला मैमून ओरडायला लागली, कावीळ झाली म्हणून!"

आणि हसले.

माझ्या डोळ्यासमोर त्यांचा पडदा होता, लाल, थरथरता. मला एक क्षण काही कळलंच नाही. हे वाक्य ऐकून आजवर प्रत्येक माणूस दचकला होता. कुणी म्हणे, "अगं बाई!", कुणी म्हणे, "कायमची?" माहीत आहे असं कुणीच कधी म्हणालं नव्हतं.

"थांबा," मी ओरडले. "डॉक्टर, थांबा!"

डॉक्टर बेलवलकरांनी कारण विचारलं नाही. आधी पिचकारी शिरेपासून सोडवली, ट्रेमध्ये ठेवली आणि मग दिवा लावायला सांगितला. औषधाचा एक थेंबही गेला नव्हता.

"काय झालं, सुहास?"

"चाचा आत्ता 'गेल्या खेपेला' असं म्हणाले."

"कुणी म्हणालं?" चाचा म्हणाले. "मी काहीच म्हणालो नाही. खोलीत अंधार होता."

"अंधारात ऐकू येतं, चाचा," डॉक्टर म्हणाल्या. त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "ही गेली खेप कुठे झाली?"

चाचा छताकडे बघू लागले. बाहुल्या थेंबांनी मोठ्या झालेल्या, त्यामुळे त्यांचा चेहरा घुबडाच्या पिल्लासारखा दिसत होता. मला हसू येत होतं.

सिस्टरनी मैमूनचाचींना आत बोलावलं. चाची दारातच थबकल्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या दंडावरची सुई बघितली, मग ट्रेमधली पिवळी पिचकारी.

"या अल्ला! हे तेच पाणी?"

"तेच म्हणजे कुठलं, चाची?"

"पुण्याचं. दोन वर्षं झाली. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हे पाणी हातात गेलं आणि यांच्या सगळ्या अंगावर गांधी उठल्या. ओठ असे सुजले, वडापावासारखे. श्वास लागेना. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून वाचवलं आणि बजावलं, परत जन्मात हे औषध घ्यायचं नाही, कुणी द्यायला लागलं तर आधी सांगायचं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तर मला म्हणाला, चष्म्याचा नंबर काढायला चाललोय!"

"नंबरच काढणार होते," चाचा पुटपुटले. "आतून."

कुणी हसलं नाही. सिस्टर मार्था भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी विचारलं होतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पुरळही विचारलं, तपासणीचंही विचारलं. यांनी नाही सांगितलं."

"तुमचा प्रश्न बरोबरच होता, सिस्टर. उत्तर घाबरलेलं होतं." डॉक्टरांनी चाचांकडे बघितलं. "का लपवलंत?"

आता चाचांनी मस्करी केली नाही. दंडावरची चिकटपट्टी उगाच चाचपत म्हणाले, "लपवलं नसतं तर तुम्ही काय केलं असतं? नाही म्हणाला असता. पुण्यानं नाही म्हटलं. कोल्हापूरनं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. या औषधाशिवाय फोटो नाही, फोटोशिवाय लेझर नाही, आणि लेझर नाही तर..." त्यांनी चिंध्या बांधलेली बोटं वर केली. "म्हटलं, या खेपेला काही होणार नाही. एकदा झालं म्हणून दरवेळी थोडंच होतं?"

"दुसऱ्यांदा झालं असतं तर पहिल्यापेक्षा जास्त झालं असतं."

"झालं तर झालं. माझं वय झालंय आता. पण आंधळा होऊन त्या कारखान्यात कोपऱ्यात बसणार नाही. पोरं तानपुरा माझ्या मांडीवर ठेवणार, मी तार छेडून वाहवा म्हणणार, आणि पोरं मागे एकमेकांना डोळे मारणार. ते मला नको." मग एकदम आवाज बदलून, लहान मुलानं हट्ट करावा तसे म्हणाले, "द्या की हो. अर्धी पिचकारी द्या."

"चाचा," डॉक्टर म्हणाल्या, "मला तुमचा डोळा वाचवायचाय. पण तुमच्यासकट."

सिस्टरनी सुई काढली. कापूस दाबून धरताना त्या चाचांच्या हातावर जरा जास्तच जोर देत होत्या असं मला वाटलं.

चाचा उठायला लागले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून परत बसवलं.

"कुठे चाललात? मी नाही म्हटलेलं नाही. औषधाला नाही म्हटलंय." त्या माझ्याकडे वळल्या. "हा पिवळा रंग यायच्या आधीही लोक डोळे तपासतच होते, सुहास. मी भिंग लावून नीट बघेन. सूज कुठे आहे ते डोळ्यानं कळतं, पण मला कागदावरही हवी. हिरव्या काचेतून, काळ्यापांढऱ्या रोलवर, रंगाशिवाय किती स्पष्ट फोटो देशील? आणि एकाच जागेचे दोन, जरा डावीकडून आणि जरा उजवीकडून. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की उंचवटा उठून दिसतो."

"चाचा जितके स्थिर बसतील तितके स्पष्ट," मी म्हणाले.

इथे खरी कसोटी लागली. औषध असलं की पडद्यावरची प्रत्येक वाहिनी आपोआप चमकते, फोटो थोडा हलला तरी चालतो. बिनऔषधाचा फोटो हलला की संपलं. आणि चाचा हलत होते. एवढं सगळं झाल्यावर कोण हलणार नाही? हनुवटी पट्टीवर, कपाळ पट्ट्याला, पण डोळा पिंजऱ्यातल्या पाखरासारखा इकडून तिकडे.

"चाचा, दिव्याकडे बघा. हलू नका."

"मी कुठे हलतोय? डोळा हलतोय."

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हलला. आमच्या स्टुडिओत लहान मुलांसाठी खुळखुळा असायचा आणि म्हाताऱ्यांसाठी बाबा रेडिओ लावायचे. म्हणायचे, कान गुंतला की मान थांबते. इथे रेडिओ कुठून आणणार? मी सिस्टर मार्थांकडे बघितलं. त्या दर रविवारी चर्चमध्ये गायच्या हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं.

"सिस्टर, गाता का जरा?"

"आता? इथे?"

"गा, सिस्टर," डॉक्टर म्हणाल्या. त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की सिस्टरनी खाकरून एक भजन सुरू केलं. आवाज गोड होता. पण चाचांचा डोळा त्या चालीबरोबर फिरायला लागला. सूर वर गेला की वर, खाली आला की खाली. भिंगातून मला तो पडदा झोपाळ्यासारखा दिसत होता.

"गाणं नको!" मी म्हणाले. "एकच सूर धरा. लांबच लांब. हलवू नका."

सिस्टरनी श्वास भरला आणि सूर लावला.

आणि चाचा थांबले. आधी श्वास थांबला, मग कपाळाची शीर सैल पडली, मग डोळा. आयुष्यभर ज्या माणसानं तारेतला सूर ऐकण्यासाठी सगळं अंग थांबवलं, त्याला तेवढंच हवं होतं. दिव्यासमोर तो डोळा असा स्थिरावला, जणू कुणी भिंतीवर चित्र लावलंय. मी कळ दाबली. पुन्हा दाबली. थोडी डावीकडे सरकले, पुन्हा. सिस्टरचा श्वास संपत आला होता.

"सिस्टर, सूर उतरतोय," चाचा ओठ न हलवता म्हणाले.

"बोलू नका!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

सिस्टरनी घाईघाईत दुसरा श्वास घेऊन परत सूर धरला.

"आता चढला."

"चाचा!"

"बरं, बरं."

मैमूनचाची पदर तोंडावर दाबून कोपऱ्यात हसत होत्या. हसता हसता त्यांनी जावईबापूंना टेकून आधार घेतला.

रोल संपेपर्यंत सिस्टर मार्था सूर धरत राहिल्या. शेवटी त्यांचा घसा बसला. चाचांनी हनुवटी उचलली आणि अगदी मनापासून म्हणाले, "सिस्टर, आवाज खरा आहे तुमचा. फक्त मागे तानपुरा नाही ना, म्हणून भटकतो."

दुपारी मी अंधाऱ्या खोलीत रोल धुतला.  रसायनात पहिली प्रत उमटायला लागली आणि मी श्वास सोडला. वाहिन्या केसासारख्या बारीक. रक्ताचे ठिपके वेगवेगळे. दोन प्रती ओल्याच शेजारी ठेवून, दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्रातून बघितल्या तेव्हा पडद्याच्या मधोमध एक हलका फुगवटा उभा राहिला, पोळी फुगायला लागते तसा. मी ओल्या हातानं धावत डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग नुसत्या म्हणाल्या, "पुरेसं आहे."

चाचांना त्यांनी स्पष्ट सांगितलं. "गेलेली नजर परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे ती राहावी, एवढ्यासाठी लेझर. आणि साखर ताब्यात ठेवायची, नाहीतर माझा उपयोग नाही. कबूल?"

"कबूल."

"खरं कबूल, की सकाळसारखं कबूल?"

चाचा लाजले. लाल दाढीतूनही ते दिसलं.

महिनाअखेर आली आणि गेली. मी सोडून जाणार होते हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि पुढेही सांगायची वेळ आली नाही. बाबांनी एकदा विचारलं, "तिथे काय ठेवलंय तुझ्यासाठी? माणसांचे चेहरेसुद्धा दिसत नाहीत." मी म्हणाले, "दिसतात. जरा आतून दिसतात."

एक गोष्ट मात्र त्याच आठवड्यात बदलली. सिस्टर आपले प्रश्न विचारायच्याच, पण शिरेत औषध जायच्या आधी, दिवा मालवायच्या आधी, मी माझा एक प्रश्न घुसवायला लागले. पूर्वी तपासणी झाली आहे का, असं मी विचारत नाही. मी सहज गप्पा मारल्यासारखं म्हणते, "मागच्या वेळी लघवी किती दिवस पिवळी होती हो?" ज्याची तपासणी कधी झालेली नसते तो माझ्याकडे वेड्यासारखा बघतो. ज्याची झालेली असते तो उत्तर देतो. तीस वर्षांत कॅमेरे बदलले, रोल गेले, आता सगळं संगणकाच्या पडद्यावर लगेच दिसतं. तो प्रश्न मी माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना शिकवला. त्यानं किती माणसं वाचली ते सांगता येणार नाही, कारण वेळीच थांबवलं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याची गोष्ट होत नाही.

पुढे काही महिन्यांनी चाचा डोळे तपासून घ्यायला आले. लेझरच्या बैठका होऊन गेल्या होत्या. बोटांवर चिंध्या नव्हत्या. मैमूनचाचींनी डब्यात शिरखुर्मा आणला होता, आणि यांना चमचाभरसुद्धा द्यायचा नाही असं आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं.

सिस्टर मार्थांनी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. एक डोळा झाकायला दिला. चाचा घडाघडा म्हणायला लागले. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, अगदी तळाची बारीक ओळसुद्धा, न अडखळता. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना हाक मारायला वळले.

"थांब, सुहास," सिस्टर म्हणाल्या. त्या चाचांकडे बघत होत्या. "चाचा, बाहेर बाकावर बसून काय करत होता मघापासून? दारातून तक्ता दिसतो."

"दिसतो म्हणजे, थोडा..."

"जवळ येऊन पाठ केलात ना?"

मैमूनचाचींनी कपाळावर हात मारला. सिस्टरनी भिंतीवरचा तक्ता काढला आणि कपाटातला दुसरा लावला. त्यावरची अक्षरं वेगळी होती.

 चाचा सरसावून बसले. पहिली ओळ म्हणाले, बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीला थांबत थांबत एकेक अक्षर उचललं, पण बरोबर. लेझरच्या आधी ते याच ओळीपर्यंत आले होते. 

"पुढची ओळ?" सिस्टरनी विचारलं.

चाचा पुढे झुकले. डोळा बारीक केला. त्यांचे ओठ एका अक्षराचा आकार करू लागले. अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं, मला दिसत होतं. मग ते मागे टेकून बसले, आणि हातातली झाकणी गुडघ्यावर ठेवली.

"नाही दिसत, सिस्टर," ते म्हणाले. "ही खरंच नाही दिसत."

सिस्टर मार्थांच्या तोंडावर असं हसू फुटलं की मी आयुष्यात इतके लग्नाचे फोटो काढले, तसं एकाही वधूच्या तोंडावर बघितलं नाही.